आधी गाव सांगा

रतिलालभाऊंचा आवाज मी आधी ऐकला आणि चेहरा कित्येक महिन्यांनी पाहिला. आमच्या टेलिफोन खात्यात याचं कुणाला नवल वाटत नसे. माणसाची निम्मी ओळख तिथे कानानेच व्हायची. आज त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहायला बसलो तरी डोळ्यांपुढे चेहरा येण्याआधी तो आवाजच येतो. थोडा नाकातला, घाई नसलेला, पाठीमागे तारेची बारीक खरखर.

मी तेव्हा शहाद्याच्या एक्स्चेंजमध्ये नवा ऑपरेटर होतो. समोर भोकाभोकांची फळी, कानाला हेडफोन, हाती टोकाला पितळी दांडी असलेल्या दोऱ्या. कुणाचा फोन आला की फळीवर त्याचा दिवा लागायचा. दोरीचं एक टोक त्याच्या भोकात, दुसरं ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात, की झाली दोन माणसांची गाठ. रोज सकाळी धडगावकडची लाईन तपासायची असे. मी इकडून एक ते दहा आकडे म्हणायचे आणि तिकडे डोंगरात कुठेतरी असलेल्या ज्युनिअर इंजिनिअर पाटलांनी, म्हणजे रतिलालभाऊंनी, ऐकून सांगायचं, लाईन साफ की खराब. आकडे म्हणून म्हणून जीव कंटाळला. शाळेत असल्यापासून मला कवितांचा भारी नाद. वर्गात गुरुजींनी चालीवर म्हणून घेतलेल्या सगळ्या कविता अजून जिभेवर आहेत. एका सकाळी आकड्यांऐवजी मी चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता सुरू केली.

दोन ओळी झाल्या. मग मीच थांबलो. आता मेमो मिळणार असं वाटलं, तेवढ्यात आवाज आला.

"थांबलात का? पुढची ओळ म्हणा ना."

"साहेब, चुकलो."

"चुकलात कुठे, पाठ दिसतेय की. पण दुसऱ्या ओळीपासून खरखर येतेय. ती तारेत आहे की तुमच्या घशात, ते कळायला तिसरी ओळ लागेल."

त्या दिवसापासून धडगावची लाईन कवितेवर तपासली जाऊ लागली आणि मी एक्स्चेंजभर 'मास्तर' झालो. ते काही महिन्यांनी शहाद्याला बदलून आले तेव्हा दारात एक ठेंगणे गृहस्थ उभे, चष्म्याला दोरा, हातांना केबलमध्ये भरतात त्या जेलीचा वास. मी विचारलं, "कोण हवंय?" ते म्हणाले, "फुडली ओय म्हना, मास्तर." मी उठून उभाच राहिलो.

गौरवग्रंथाच्या समितीने मला बजावलं होतं, 'प्रसंग आनंदाचा आहे, लेख त्या बेताने लिहा.' मीही चार गोड आठवणींचा हार गुंफून द्यायचा असं ठरवलं होतं. परवानगी घ्यायला पिंपरडोहला त्यांच्या घरी गेलो. तापीकाठी केळीच्या बागांमधलं हे गाव, आणि त्यांचं गुर्जर घराणं तिथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लिहा. पन शांतानं लिहाशिवाय काहीच लिहू नका." शांता म्हणजे आमच्या वहिनी; त्या कशा गेल्या ते लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "भाऊ, गौरवग्रंथात मरण कसं लिहायचं?" ते म्हणाले, "ग्रंथ वाचतील त्या समद्यांसना घरमा फोन शे ना?"

म्हणून या लेखाला जो सूर लागायला हवा होता तो लागणार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

भाऊंच्या कामाविषयी आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. त्या काळी तातडीचा फोन म्हणजे थेट आम्हीच. कुणाला साप चावला, कुणाची बाळंतीण अडली, कुठे आग लागली, की माणूस गावातल्या एकुलत्या फोनपाशी धावायचा. दिवा आमच्या फळीवर लागायचा आणि आम्ही सरकारी दवाखान्याला किंवा ठाण्याला जोडून द्यायचो. दिवा कोणता ते पाहिलं की फोन कुठला ते कळायचं. तार जिथून निघाली तिथलीच ती, तिला खोटं बोलता येत नसे. तरी भाऊंनी आम्हा ऑपरेटरांना दोन नियम घालून दिले होते. दिवा दिसत असला तरी जागा विचारायची. आणि पलीकडून 'निघालो' हा शब्द स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय दोरी काढायची नाही.

पहिला नियम मला उगाचचा वाटायचा. एका बाजाराच्या दिवशी दुपारी डोंगरातल्या एका किराणा दुकानाचा दिवा लागला. माणूस डोंगरातल्या पावरी बोलीत बोलत होता, श्वास लागलेला. बायको अडलीय, एवढं समजलं. मी दुकानाचं गाव सांगून दवाखान्याला जोडणार, तोच भाऊंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हेडफोन मागून घेतला. मोडक्यातोडक्या पावरीत त्यांनी त्याला विचारलं की येताना पाणी कोणत्या हाताला होतं. तो म्हणाला, उजव्या. मग उतरताना काय लागलं, मोहाचं झाड कुठे, पाड्यात किती धूर दिसतात, असं विचारत विचारत त्यांनी बाई नक्की कुठे आहे ते काढलं. ती दुकानाच्या गावात नव्हतीच. दोन टेकड्यांपलीकडच्या पाड्यावर होती, आणि हा गडी फोनसाठी तिथून पळत आला होता. जीप दुकानापाशी गेली असती तर रिकामी परतली असती.

दवाखान्यातून 'निघालो' ऐकू आलं तेव्हा भाऊंनी दोरी काढली आणि मला म्हणाले, "मास्तर, तार फोनचं घर सांगते. दुखण्याचं घर आपण विचारायचं असतं."

ती बाई वाचली. पुढच्या बाजाराला तो माणूस एक्स्चेंजच्या दारात मोहफुलांची पिशवी ठेवून गेला. कुणासाठी ते सांगितलं नाही. त्याला कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं.

त्यांच्या माणुसकीबद्दल एकच सांगतो. माझी बायको गेली, तेव्हा आम्ही दोघेही निवृत्त झालो होतो. शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या घरात मी एकटा, आणि दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. तेराव्यानंतरच्या एका सकाळी फोन वाजला.

"मास्तर, लाईन तपासायची आहे."

"भाऊ, कसली लाईन? कुठलं एक्स्चेंज? भंगारात गेलं ते."

"ते माझं मी बघतो. तुम्ही ओळ म्हणा."

मी म्हटली. निम्म्यात आवाज चिरकला. ते म्हणाले, "खरखर आहे. उद्या परत तपासू." तेव्हापासून रोज सकाळच्या चहाला त्यांचा फोन येतो. एक दिवस चुकलेला नाही. इतक्या वर्षांत माझ्या शाळेतल्या सगळ्या कविता त्यांना पाठ झाल्या आहेत. मी अडलो की पुढची ओळ तेच सांगतात, तीही चाल सोडून, सरकारी पत्र वाचावं तशी.

आता वहिनींचं.

रस्ता रुंद करताना पिंपरडोहची जुनी केबल उखडली गेली ती पुन्हा कुणी टाकली नाही. भाऊंच्या घराच्या भिंती जाड, त्यामुळे आत मोबाईलला रेंज येत नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढावं लागतं. त्यांचा मुलगा किशोर पुण्याला असतो, आईबापांवर जीव टाकणारा मुलगा. त्याने स्वतःच्या नावावर इंटरनेटचा फोन घेतला आणि गावी आणून बसवला. दिसायला हुबेहूब जुन्या फोनसारखा. त्याच तिपाईवर, वहिनींनी विणलेल्या त्याच रुमालावर तो विराजमान झाला. उचलला की तसाच घूंऽ आवाज. भाऊ खूश झाले. वहिनी तर म्हणाल्या, "हाऊ भलता गोड बोलस, खरखर बी नही."

ती खरखर नाही, हे मला आवडलं नव्हतं. जुन्या तारेत खरखरीवरून माणूस किती लांब आहे ते कळायचं. तळोद्याची खरखर वेगळी, नवापूरची वेगळी. या फोनवर पुणेही तसंच ऐकू येतं आणि शेजारचं घरही तसंच. पण माझं म्हणजे जुनं ते सोनं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं. मी गप्प बसलो.

त्या दुपारी वहिनी ओसरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. छातीला हात लावला आणि कलंडल्या. समोरचा छगन, भाऊंचा भाऊबंद, आवाज ऐकून धावत आला. त्याची जीप दारातच होती. तो म्हणाला, "भाऊ, उचला, शहादाले लई जाऊत." भाऊ म्हणाले, "हालवू नको तिले. गाडीमा ऑक्सिजन ऱ्हास, डॉक्टर ऱ्हास. गाडी बलावतस."

आणि ते घरच्या फोनकडे गेले. खिशात मोबाईल होता, धाबं चार पायऱ्यांवर होतं. पण उभा जन्म त्यांनी लोकांना हेच सांगितलेलं, की तातडीला घरचा फोन उचला, घरच्या फोनला घर माहीत असतं. त्यांनी तातडीचा तो तीन आकडी नंबर फिरवला. पलीकडे एक मुलगी. अदबीची, चटपटीत. भाऊंनी मला ते संभाषण इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच फळीवर बसून ऐकलं असं वाटतं.

"बोला, काय मदत हवी?"

"बाई पडलीय. माझी मंडळी. छातीत दुखतंय, शुद्ध नाही. लवकर गाडी पाठवा."

"श्वास चालू आहे का काका?"

"चालू आहे. लागतोय."

"घाबरू नका. तुमचा पत्ता स्क्रीनवर आलाय, घरीच आहात ना?"

"घरीच आहे."

"लाईनवर राहा… हां, गाडी निघाली काका."

निघाली. तो शब्द ऐकला आणि भाऊंनी फोन ठेवला. नियम पाळला गेला होता. बाहेर येऊन त्यांनी छगनला सांगितलं, "थांब रे भो, गाडी निघनी." छगनने जीपचं इंजिन बंद केलं. भाऊ वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाऱ्याला पदर, ओठांना पाणी. छगन रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन येत होता. शहाद्याकडून कुठल्याही गाडीचा आवाज आला की दोघे माना वर करत. उसाचा ट्रॅक्टर गेला. मग एक टेम्पो. मग कुणीच नाही.

मग घरात फोन वाजला. छगनने उचलला आणि तसाच बाहेर ओरडला, "भाऊ, किशोर शे!"

भाऊ आत गेले. किशोर ऑफिसातून बोलत होता. त्याला त्याच्या बायकोने कळवलं होतं. "बाबा, आमच्या बिल्डिंगखाली ॲम्ब्युलन्स येऊन उभी आहे. ते लोक वर येऊन पेशंट कुठे म्हणून विचारतायत. आपल्या घरात कुणाला काय झालंय का?"

फोन भाऊंनी खाली ठेवलाच नाही, तो तिपाईवरून लोंबत राहिला. त्यांनी आणि छगनने वहिनींना उचलून जीपमध्ये घातलं. शहाद्याचा रस्ता तोच, जीपही तीच. पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे वहिनींचा श्वास थांबला.

लवकर नेलं असतं तर वाचल्या असत्या का, हे डॉक्टर बोलले नाहीत. भाऊंनी विचारलंही नाही. मी एकदा समजूत घालायला म्हणालो, "भाऊ, कदाचित नशिबातच…" तर म्हणाले, "मास्तर, नशीब म्हणायला गाडी आधी दारात यायला लागते."

तारेच्या फोनमध्ये नंबर म्हणजे जागा होती. नंबर फिरवला की आवाज तारेने जवळच्या एक्स्चेंजला जायचा, तिथून जवळच्या दवाखान्याला. इंटरनेटचा फोन मात्र कुठेही नेऊन लावता येतो. घेताना कागदावर जो पत्ता दिला तोच त्याचा पत्ता, मग तो प्रत्यक्षात कुठल्याही गावात वाजो. तातडीची हाक त्या कागदावरच्या गावाला जाते. किशोरने फोन घेताना स्वतःचा पत्ता लिहिला, कारण विचारलाच होता ग्राहकाचा पत्ता. त्या मुलीनेही समोर दिसलं ते वाचलं. भाऊंनी जागा सांगितली नाही, कारण विचारली गेली नाही. आणि ज्यांनी आम्हाला दिवा दिसत असला तरी विचारायला शिकवलं, त्यांनाच कुणी विचारलं नाही. मी हे किती वेळा मनात घोळवलं असेल. याला कविता म्हणावं तर तिला चाल लागत नाही.

भाऊंनी त्या मुलीला कधी बोल लावला नाही. किशोरला तर जवळ घेऊन म्हणाले, "तू फोन दिला, देव चांगलं करो." पण दिवसकार्य झाल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा एक डबा, निळ्या रंगाचा एक डबा आणि ब्रश विकत घेतला, आणि इंटरनेटचा फोन जिथे जिथे बसला आहे तिथे जायला निघाले. दुकानं, पतसंस्था, दवाखाने, आश्रमशाळा. मला सोबत न्यायचे. फोनच्या वर भिंतीवर पांढरा चौकोन रंगवायचे आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहायचे: 'आधी गाव सांगा. मग दुखणं सांगा.' अक्षरं मी आखून द्यायचो. ते म्हणायचे, "मास्तर, जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी म्हटल्या. ही एक आपली."

फोनचा पत्ता बदलून मिळावा म्हणून त्यांनी किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. एका कार्यालयात समोर तरुण मुलगा होता. उठून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, नंबर मुलाच्या नावावर आहे. पत्ता बदलायचा तर हा नंबर बंद करून नवा घ्यावा लागेल."

"नव्याला गावचा पत्ता लागेल?"

"तुमच्या गावाचं नाव यादीत येत नाही काका. जवळचं मोठं शहर निवडावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे… नाशिक दाखवतंय."

"मग पुणं काय वाईट आहे?"

मुलगा हसला आणि लगेच ओशाळला. म्हणाला, "मी वर कळवतो." भाऊंनी विचारलं, "वर म्हणजे कुठे?" त्याने खरंच थोडा विचार केला आणि म्हणाला, "ते मलाही माहीत नाही काका."

नवापूरकडे आणखी निराळी तऱ्हा. तिथे त्यांचे एक नातलग कोंबड्यांचं शेड चालवतात. शेडमधून मोबाईलवर तातडीचा तो नंबर लावला तर पलीकडे गुजरातीत उत्तर मिळालं, कारण जवळचा टॉवर सीमेपलीकडचा. भाऊंना गुजराती घरच्यासारखी येते, त्यांनी समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मला येते म्हणून ठीक. मावची बोलीशिवाय दुसरं काही न येणाऱ्या म्हातारीने काय करायचं?" आम्ही एसटीची वाट पाहत उभे राहिलो.

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेवर त्यांचा फार जीव जडला होता. तिथला तारेचा फोन जाऊन नवा आला होता, आणि त्याचा पत्ता होता संस्थेच्या मुख्य कार्यालयाचा, दूरच्या दुसऱ्या जिल्ह्यात. मुख्याध्यापिकाबाई भल्या. त्यांनी मुलींना ओसरीत बसवलं. भाऊंनी खोटाखोटा फोन कानाला लावून नाटक केलं. एका चुणचुणीत पोरीला म्हणाले, "मी गाडीवाला. सांग, काय झालं?"

पोरगी म्हणाली, "पोट दुखे."

"कुठे दुखतं?"

"इथं." तिने पोटावर हात ठेवला.

सगळ्या खो खो हसल्या. भाऊही हसले. मग म्हणाले, "अगं, मला तुझं पोट दिसत नाही. मला आधी गाव पाहिजे. तुझ्या शाळेला येताना पाणी कोणत्या हाताला?" पोरींनी एकमेकींकडे पाहिलं, मनातल्या मनात डोंगर उतरल्या आणि सगळ्यांनी मिळून डावा हात वर केला. इतके डावे हात एकदम वर गेलेले पाहून भाऊंचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हे घडणार. हे पसरत जाणार.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. तपासणी यायची होती म्हणून शाळेला नवा चुना दिला होता. आमचा पांढरा चौकोन चुन्याखाली गेला होता. मुख्याध्यापिकाबाईंची बदली झालेली, आणि फोन बिघडू नये म्हणून तो कपाटात कुलपात ठेवलेला. नव्या सरांनी चहा पाजला. भाऊंनी पोटावर हात ठेवलेल्या त्या पोरीची चौकशी केली. सर म्हणाले, "इथल्या बऱ्याच मुली शाळा सोडून गेल्या, नाव काय होतं?" नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

उतरताना एसटीत भाऊ खिडकीपाशी बसले होते. मी म्हटलं, "एखादी ओळ म्हणू का?" ते म्हणाले, "आज नको." इतक्या वर्षांत त्यांनी मला नको म्हटल्याचं हे पहिलंच.

तेव्हापासून ब्रश त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात वाळून पडला आहे. वाचकहो, सत्कारमूर्तीचं कार्य आज वटवृक्ष झालं आहे, असं लिहायची रीत आहे. मला तसं लिहिता येत नाही. भिंतींवरचे ते चौकोन निम्मे पुसले गेले, उरलेल्यांवर कॅलेंडरं लागली. काहीही दुरुस्त झालेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातला फोनसुद्धा अजून पुण्याचाच आहे. मागे त्यांनी माझ्यासमोर तपासला. पलीकडून पुण्याचा पत्ता वाचून दाखवला गेला. किशोर आता त्या घरातही राहत नाही, त्याने पुण्यातच दुसरीकडे बिऱ्हाड केलंय. म्हणजे उद्या भाऊंना काही झालं आणि त्यांच्या तोंडून गावाचं नाव निघायच्या आत शुद्ध गेली, तर गाडी कुणा अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभी राहील.

मी म्हटलं, "मग हा फोन काढून का टाकत नाही?"

"काढला तर तपासू कशावर?"

"मग किशोरकडे जा राहायला. तो किती बोलावतोय."

त्यावर ते बऱ्याच दिवसांनी हसले. "गेलो असतो मास्तर. मी गेलो की त्यांच्या स्क्रीनवरचं पुणं खरं ठरेल. तेवढं मात्र होऊ द्यायचं नाही."

छगन हल्ली शेताच्या घरात राहायला गेला आहे. भाऊ त्या जाड भिंतींच्या घरात एकटे असतात. त्यांच्या हृदयाचं दुखणं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. ते लपवत नाहीत आणि सांगतही सुटत नाहीत.

असा हा माझ्या मित्राचा अमृतमहोत्सव. समारंभात शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील, आपण सारे टाळ्या वाजवू, आणि संध्याकाळी ते त्या घरी परत जातील. म्हणून शुभेच्छा देण्याआधी मी या ग्रंथाच्या पानावर त्यांच्याच पद्धतीने त्यांची जागा सांगून ठेवतो. संपादकांनी ही ओळ गाळू नये. शहाद्याहून तापीकडे जाणारा रस्ता धरायचा. नदी दिसायच्या आधी उजवीकडे वळायचं. वळलं की तापी डाव्या हाताला येते, ती तशीच ठेवायची. केळीच्या बागा संपल्या की पिठाची गिरणी. गिरणीच्या पुढे ओसरीचं घर, दाराला निळा रंग, भिंतींवरची अक्षरं लिहून उरलेला. दार आतून लावलेलं नसतं. वाचकांपैकी जो कोणी शहाद्यात गाडी चालवतो, दवाखान्यात बसतो, किंवा नुसता त्या रस्त्याने जातो-येतो, त्याने एवढं पाठ करावं. लहानपणी आपण याहून लांब कविता पाठ केल्या आहेत.

भाऊ, तुम्हाला शंभर वर्षं लाभोत असं सगळेच म्हणतील. मीही म्हणतो. पण मला हवी आहे ती रोजची सकाळ, चहाच्या वेळेला वाजणारा तुमचा तो पुण्याचा फोन, आणि 'पुढची ओळ म्हणा' हे तुमचं बोलणं. ते येत राहो. ज्या सकाळी तो वाजणार नाही, त्या सकाळी मी कुणालाही फोन लावत बसणार नाही. लोणखेड्याच्या चौकात रिक्षा मिळते. काठी दाराशीच असते. चहा तसाच ठेवून मी निघालेला असेन.